वाचकांचे प्रश्न : शास्त्रपाठ आणि उपदेश

प्रश्न : आमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी दर महिन्यातील एका रविवारी उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधील नेमलेला उतारा, वाचण्याची जबाबदारी माझ्याकडे सोपवली आहे. मी शाळेत शिक्षिका असल्यामुळे उच्चार सहसा चुकत नाहीत. तरी उपासना संपल्यावर आज काय वाचले, असे विचारले तर कोणाला सांगता येत नाही. भाव घालून वाचावे, असे काहींचे मत आहे, तर वेदीपाशी नाटक नको, असे वडील मंडळी म्हणतात. मी काय करावे? (एक भगिनी, नवापूर तालुका)

उत्तर : दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. वडील मंडळींना नको आहे तो आवाजाचा थाट, म्हणजे येशूच्या शब्दांना एक खास गंभीर सूर आणि सैतानाच्या शब्दांना दुसरा. आणि त्यांची हरकत रास्त आहे. मात्र सपाट वाचन म्हणजे प्रामाणिक वाचन, असे जे त्यातून गृहीत धरले जाते ते बरोबर नाही, कारण सपाट वाचणाराही अर्थ लावतच असतो. तो बहुधा चुकीचा लावतो, एवढेच.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा शेवटीच येतो. आपल्याकडचे बहुतेक वाचक मात्र वाक्याच्या आरंभी जोर लावतात आणि शेवटाकडे आवाज खाली सोडतात. कबरेपाशी आलेल्या स्त्रियांना देवदूत म्हणतो, ‘तो येथे नाही’. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली सगळे पंखे घरघरत असताना ‘नाही’ हा शब्द पुटपुटला गेला, तर मागच्या बाकांवर पुनरुत्थानाच्या नेमकी उलट बातमी पोहोचते. ‘भिऊ नका’, ‘चिंता करू नका’ या वचनांचेही तेच होते. म्हणून पहिली सवय ही लावून घ्यावी, की श्वास वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत पुरवायचा. एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे असे, की वचनांच्या आकड्यांवर थांबू नये. अध्यायांची आज रूढ असलेली विभागणी साधारणतः इंग्लंडमधील धर्मपंडित स्टीफन लँगटन यांच्याकडे, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभाकडे जाते, आणि नव्या करारातील वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 च्या आवृत्तीत घातले. ते उतारा सापडावा म्हणून आहेत. श्वास कोठे घ्यावा, हे सांगण्यासाठी नाहीत. गुड फ्रायडेला आपण यशयाचा त्रेपन्नावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचतो, परंतु दुःख सोसणाऱ्या सेवकाचे ते गीत बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासूनच सुरू होते. तेथे प्रथम देव आपल्या सेवकाविषयी बोलतो आणि मग ‘आम्ही’ म्हणणारे लोक बोलू लागतात. अलीकडची ती तीन वचने गाळली, की हे लोक कोणत्या गोष्टीने थक्क झाले आहेत, हेच श्रोत्याला कळत नाही.

आता भावाविषयी. लूकच्या पंधराव्या अध्यायातील थोरला मुलगा बापाशी बोलताना आपल्या भावाला भाऊ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरात ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो. वाचताना ‘तुमचा’वर आणि पुढे ‘तुझा’वर किंचित भार दिला, तर त्या घरातला सगळा तंटा श्रोत्यांना कळतो, आवाज चढवावा लागत नाही, हातवारे तर नाहीतच. शनिवारी उतारा मोठ्याने वाचून कोण कोणाशी बोलत आहे आणि वाक्य नेमके कोठे संपते, या दोन गोष्टींच्या खुणा पेन्सिलीने करून ठेवाव्यात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायासारखी नावांची यादी वाट्याला आली, तर तीही घाई न करता वाचावी. ती त्या मंडळीतली माणसे होती.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून पाळकसाहेब बाहेरगावी असले, की उपदेश करतो. लिहिलेला उपदेश वाचून दाखवला, तर लोक कंटाळतात आणि कागदाशिवाय उभा राहिलो, तर मी भरकटतो. उपदेश किती वेळ असावा, याबद्दलही मंडळीत मतभेद आहेत. (एक बंधू, भुसावळ)

उत्तर : आपण भरकटता ते कागद नसल्यामुळे, असे मला वाटत नाही; वाचलेला उतारा हातून सुटल्यामुळे ते होते. आरंभीच्या मंडळीतील लेखक जस्टिन मार्टर यांनी दुसऱ्या शतकाच्या मध्याला रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात आणि मग उपासना चालवणारा जे ऐकले त्याप्रमाणे वागण्याचा बोध करतो. म्हणजे बोधाचा विषय वाचनातून येतो. आपल्याकडे पुष्कळदा क्रम उलटा असतो : विषय आधी ठरतो, मग त्याला आधार म्हणून वचने शोधली जातात, आणि श्रोत्यांची बोटे सत्तावीस पुस्तकांतून फिरत राहतात.

आपल्याच जिल्ह्यात मुक्ताईनगरकडच्या वारकरी कीर्तनकारांना ऐकून पाहा. ते निरूपणासाठी एक अभंग घेतात, दृष्टांत कितीही लांब गेला तरी ध्रुपदावर, म्हणजे अभंगाच्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या ओळीवर, परत येतात, आणि श्रोता घरी जाताना तो अभंग घेऊन जातो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती संदेशासाठी कीर्तनाचा अंगीकार केला होता, तेव्हा ही वाट आपल्याला परकी नाही. आपल्या उताऱ्यातले एक वाक्य ध्रुपदासारखे धरावे आणि प्रत्येक दृष्टांतानंतर ते मूळ शब्दांत पुन्हा उच्चारावे. कागदावर ते वाक्य, उपदेशाचा पहिला परिच्छेद आणि शेवटचे वाक्य एवढेच लिहावे. शेवटचे वाक्य अवश्य लिहावे, कारण ते लिहिलेले नसेल तर उपदेशक ‘आता शेवटचा मुद्दा’ असे तीनदा म्हणतो.

वेळेबद्दल ठाम नियम सांगता येत नाही. माझ्या मते वीस-पंचवीस मिनिटे पुरेत आणि उन्हाळ्यात त्याहून कमीच. त्रोवस येथे पौलाचे भाषण लांबले, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली धावला आणि तो मुलगा जिवंत राहिला. आपण तेवढी खात्री बाळगू नये.

प्रश्न : आमच्याकडे ज्येष्ठांना अहिराणीच जवळची वाटते, आणि सातपुड्याकडून आलेली काही कुटुंबे घरी पावरी बोलतात. उपदेश प्रमाण मराठीत असावा की बोलीत? बोलीत बोलले, तर शास्त्राचा मान कमी होतो, असे काहींना वाटते. (युवक संघाचे एक सदस्य, शिरपूर)

उत्तर : मान कमी होत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवेचे वंशपरंपरागत सेवक, लोकांमध्ये उभे राहून वाचलेले त्यांना समजावून देतात. पुढे यहुदी सभास्थानांत हिब्रू पाठाबरोबर अरामी भाषांतर तोंडी सांगण्याची रीत पडली. मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या प्राचीन संग्रहात, त्यासाठी नियमच आहे : नियमशास्त्र वाचताना दुभाष्यासाठी एका वेळी एकाच वचनावर थांबायचे, संदेष्ट्यांचे लेख वाचताना तीन वचनांपर्यंत चालेल.

ही रीत शिरपुरात जशीच्या तशी वापरता येईल. पाठ मराठी पवित्र शास्त्रातून वाचावा, एक अर्थपूर्ण वाक्य झाले की वाचकाने थांबावे आणि दुसऱ्याने तेवढेच अहिराणीत किंवा पावरीत सांगावे. दोघांनी आदल्या दिवशी एकत्र बसणे मात्र आवश्यक आहे. अन्यथा दुभाषा वाक्याला वाक्य देण्याऐवजी स्वतःचा उपदेश सुरू करतो आणि खरा उपदेश सुरू होण्यापूर्वीच लोक थकतात. उपदेशाच्या बाबतीत दृष्टांत आणि शेवटचे आवाहन बोलीत असावे. हे काम ज्यांच्या घरात ती बोली रोज बोलली जाते त्यांच्याकडेच द्यावे, कारण शिकून बोललेल्या अहिराणीला म्हाताऱ्या बाया हसतात, आणि मग आवाहनाकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.