पाचवीच्या आधी आशाताईला (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला) बाळ दाखवावं का?

तुमची बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, उद्या तिसरा दिवस, आणि तुमच्या आई म्हणतात पाचवी व्हायच्या आत बाहेरच्या बाईच्या हातात बाळ नको, तशीही ती दहावीच शिकलेली. गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) असताना हे घरोघरी ऐकलंय मी. पण येऊ द्या तिला.

शिक्षणाचं म्हणाल तर ही घरी येऊन बाळ तपासायची पद्धत आपल्या गडचिरोलीतलीच, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत तिथल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना तयार केलं आणि तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. नंतर 2011 पासून देशभरातल्या आशांना हेच काम दिलं.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. बाळं दगावतात ती जास्त करून पहिल्याच आठवड्यात, म्हणून पाचवीपर्यंत थांबायचं नाही. दृष्टीची भीती असेल तर टीट लावा कपाळाला (डोळ्यात काजळ नको!) आणि द्या हातात.

ती आधी साबणाने हात धुवेल आणि तसेच वाळवेल, टॉवेल पुढे करू नका. मग काखेत थर्मामीटर, झोळीच्या काट्यावर वजन, आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजेल, तेवढं मिनिटभर चहाचं विचारू नका, मोजणी चुकते. 60 किंवा जास्त आले तर परत मोजते, परत तेवढेच आले तर दवाखाना. छाती आत ओढली जातेय, दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, यातलं काहीही दिसलं तर ती यायची वाट नका बघू, सरळ 108.

वजन अडीच किलोच्या आत भरलं तर आंघोळ थांबवा आणि बाळ उघड्या छातीशी धरा म्हणेल, इथे सगळ्या आज्या भांडतात. बहीण थकली तर बाळाचे बाबाही धरू शकतात बरं का. बहिणीलाही ती ताप, रक्तस्राव, अंगावरून घाण वासाचं जातंय का हे विचारेल, तेव्हा पुरुषमंडळींनी बाहेर जावं, नाहीतर बहीण 'काही नाही' म्हणून मोकळी होते.

या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला 250 रुपये मिळतात. तरी न येताच फॉर्म भरणाऱ्याही एखाददुसऱ्या असतात, तसं झालं तर गटप्रवर्तकाला फोन करा.