गेरूची भिंत आणि पश्चिमेची बाल्कनी

प्रश्न : ताई, मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉल १६ बाय ११ फूट, बाल्कनी पश्चिमेच्या ११ फुटी बाजूला. दिवाळीआधी एक भिंत गेरूच्या रंगाची करावी असं फार मनात आहे. दीर म्हणतात, नागपूरच्या उन्हात असा रंग लावला तर घराची भट्टी होईल. सासूबाई म्हणतात, गेरू तुळशीवृंदावनाला शोभतो, बैठकीत नाही. शेडकार्डवर आवडलेला रंग डबीभर आणून बाल्कनीच्या दाराशेजारी लावला, तर दिवसा काळपट आणि रात्री एलईडीच्या पांढऱ्या उजेडात कच्च्या मांसासारखा दिसला. विचार सोडून देऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सोडू नका. तुमचा रंग चुकलेला नाही, भिंत चुकली आहे.

आधी दिरांची शंका. घर तापतं ते बाहेरच्या अंगाने. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री तीच उष्णता आत सोडते. आतल्या रंगाचा त्यात जवळजवळ काही वाटा नाही. बाहेरून भिंत आणि वर गच्ची पांढरी असली, तर फरक पडतो. उजेड मात्र हा रंग नक्की खातो. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत देते, गडद विटकरी साधारण पाचवा हिस्सा. म्हणून एकच भिंत, आणि सिलिंग पांढरं.

आता कोणती भिंत? बाल्कनीच्या दाराची भिंत स्वतः उजेडाकडे पाठ करून उभी असते. डोळ्यांवर बाहेरचा झगझगाट येतो आणि ती काळी पडते. तुम्हाला दिवसा तेच दिसलं. तिच्या समोरच्या भिंतीवर संध्याकाळचं पिवळं ऊन थेट येतं, तिथे हा रंग भडक नारिंगी होईल. तुमच्या हॉलची १६ फुटी बाजूची भिंत घ्या. तिच्यावर उजेड तिरपा सरकत जातो आणि गेरू दर तासाला थोडा बदलतो. मला स्वतःला हा रंग आवडतो तो याचसाठी.

पण तिरपा उजेड पुट्टीच्या लाटाही दाखवतो. घासकाम झाल्यावर पेंटरला भिंतीलगत बल्ब धरून उंचवटे बघायला सांगा, आणि रंग मॅटच घ्या. चकाकी आली की मातीपण गेलं.

रात्रीचं मांसासारखं दिसणं तुमच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीमुळे. ६५०० केल्विनचा निळसर उजेड या रंगातली ऊब मारतो. ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावून तोच नमुना पुन्हा बघा. नमुना मात्र भिंतीवर नको, दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन लावा, आणि दोन दिवस सकाळ, दुपार, रात्र जागा बदलून बघा.

आमच्या महालातल्या घरी आई दिवाळीआधी लोखंडी बादलीत गेरू रात्रभर भिजत घालायची. सकाळी तळाशी बसलेला लगदा हाताने ढवळायची, त्यात डिंकाचं पाणी, नाहीतर पाठ टेकली की लुगड्याला लागायचा. ओला गेरू रक्तासारखा गडद, वाळला की फिका. डब्यातल्या इमल्शन रंगाचं उलट आहे : ते वाळल्यावर गडद होतं. म्हणून ओल्या रंगावरून कधीच ठरवू नका, आणि दोन शेडमध्ये अडकलात तर फिकी घ्या. गेरूचा लाल रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. लोहाच्या ऑक्साइडचे रंग उन्हाने सहसा उडत नाहीत, झगमगीत नारिंगी शेडची तशी खात्री नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कूलर ज्या खिडकीत बसतो, त्या भिंतीला हा रंग लावूच नका. ओल धरते, लोणा फुटतो, आणि गडद रंगावर तो पांढरा डाग उठून दिसतो. वरून टचअप केलं तर ठिगळ दिसतं, अख्खी भिंत पुन्हा करावी लागते. म्हणून रंग एकदमच मिसळून घ्या. १६ बाय १० च्या भिंतीला दोन हातांसाठी तीन लिटर पुरेल. उरलेला डबा घट्ट बंद करा आणि झाकणावर शेडचा नंबर लिहून ठेवा.

काम ऑक्टोबरात, पावसाची ओल भिंतीतून गेल्यावर. मे महिन्यात रंग इतका भराभर वाळतो की रोलरचे पट्टे राहतात.

सासूबाईंना सांगा, गेरू घरातही असायचा. आमच्या माजघरात वर चुना आणि खाली कमरेइतका गेरूचा पट्टा होता. त्यांना पूर्ण भिंत जड वाटत असेल, तर तसाच तीन फुटांचा पट्टा करा, वर किंचित पिवळसर पांढरा. पट्ट्याची वरची रेघ कुठे यावी, ते त्यांनाच भिंतीवर हात ठेवून दाखवू द्या.