सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई आणि कोंबड्यांच्या उपचाराला किती पैसे लागतात?

तुमच्या दोन गाई आणि पंचवीस गावरान कोंबड्या. गाईंना लाळ-खुरकुताची लस टोचायला आलेल्या माणसाने पाचशे रुपये घेतले, पावती दिली नाही. ही सरकारी फी आहे का, असं विचारलंय.

नाही. लाळ-खुरकुताची लस २०१९ पासून केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमातून येते, वर्षातून दोनदा, तीही फुकट. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते, तीही त्याच कार्यक्रमातली. या दोन लसींसाठी कोणी पैसे मागितले तर सरळ म्हणायचं, "पावती फाडा, देतो." मी असं म्हटल्यावर एकदा समोरचा माणूस गाडीला किक मारून निघूनच गेला. लस टोचून झाली होती, हे नशीब.

बाकी कामांना मात्र शुल्क असतं. केसपेपर, कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, खच्चीकरण, शस्त्रक्रिया, दाखले, या सगळ्यांचे दर शासन निर्णयाने ठरतात. दवाखान्यात दरपत्रक लावलेलं असतं. नसेल तर मागा, लाजू नका. खाजगीच्या मानाने रक्कम किरकोळ असते. खिसा रिकामा होतो तो औषधांनी. दवाखान्यात साठा नसला की चिठ्ठी हातात पडते आणि मेडिकलवर जावं लागतं. लोक हा सगळा खर्च "सरकारी फी" म्हणून सांगत सुटतात, म्हणून गोंधळ होतो.

डॉक्टर घरी बोलावण्याच्या पैशांचं जरा वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी माझी गाय रात्री व्यायली आणि पहाटे बसली ती उठेचना, मान पोटाकडे वळवून पडलेली. दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं. अशा वेळी दवाखाना उघडायची वाट पाहिली तर गाय जाते. खाजगी डॉक्टर आले, शिरेतून कॅल्शियम सोडलं आणि तासाभरात गाय उभी राहिली. आठशे रुपये दिले. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही, कारण सरकारच्या नावाने कोणी घेतले नव्हते. फक्त एक बघा: येणारा नोंदणीकृत पशुवैद्यक आहे ना? हाताखाली काम करून शिकलेले बरेच जण बॅग लटकवून फिरतात. शिरेतलं कॅल्शियम घाईने सोडलं तर गाय जागेवरच मरते.

अडचण दिवसाची असेल तर १९६२ ला फोन लावा. फिरत्या पथकाची गाडी येते, सोबत डॉक्टर असतो. शुल्क फोनवरच विचारून घ्या.

गाईच्या कानात बारा अंकी ओळख क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारून घेतला नसेल तर उद्याच घ्या. महाराष्ट्रात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय दवाखान्याची सेवा मिळत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची, कान कशाला टोचता मुक्या जनावराचा. २०२२ ला लम्पी हा त्वचारोग आला, सरकारने मेलेल्या गाईमागे तीस हजार आणि बैलामागे पंचवीस हजार भरपाई दिली, तेव्हा नोंद आणि पंचनाम्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं.

कोंबड्यांचं गणित उलटं आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेतही तयार होते आणि डोसामागे खर्च अगदी थोडा येतो. पण कुपी असते शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. पंचवीस कोंबड्यांसाठी कोण फोडणार? आम्ही वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी मिळून दवाखान्यात नावं दिली आणि पक्ष्यांची एकूण संख्या सांगितली, मग तारीख मिळाली. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची. कोंबड्या आदल्या संध्याकाळीच डालून ठेवा. सकाळी मोकळ्या सुटल्या की अर्ध्या झाडावर असतात आणि तोवर लस कोमट होते.