व्हिएतनामच्या अभ्यासदौऱ्याला निघण्यापूर्वी

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी व्हिएतनामच्या अभ्यासदौऱ्यावर जाणार असाल, तर आधी त्या देशाचा अलीकडचा इतिहास वाचून घ्या. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ या नावाने आर्थिक सुधारणांना आरंभ झाला, १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध पूर्ववत झाले आणि २००७ मध्ये हा देश जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. एवढे ठाऊक असले, म्हणजे हनोईजवळच्या बाक निन्ह प्रांतात सॅमसंगचे मोबाइल का बनतात, याचे उत्तर ‘स्वस्त मजुरी’ एवढ्यावर संपत नाही, हे ध्यानात येते.

कारखान्यातील सादरीकरण शांतपणे ऐका. मात्र त्यातले बरेचसे कंपनीच्या संकेतस्थळावरही असते. खरा अभ्यास मालाची आवक होते तेथे घडतो. परवानगी मिळाल्यास रचलेल्या खोक्यांवरील उत्पादक देशांची नावे वाचा आणि स्थानिक पुरवठादारांकडून नेमके काय घेतले जाते, हे व्यवस्थापकांना विचारा; कारण निर्यातीच्या किमतीपैकी देशात प्रत्यक्ष किती मूल्य उरते, याचा अंदाज त्यातूनच येतो.

कॉफीसाठीही वेळ राखा. (पिण्यासाठी तर राखालच.) ब्राझीलनंतर सर्वाधिक कॉफी पिकवणाऱ्या या देशात मुख्यतः रोबस्टा जातीची कॉफी होते, आणि तिचे वायदे (पुढच्या तारखेला माल देण्याचे, भाव आधीच ठरवलेले सौदे) लंडनमध्ये चालतात. बुओन मा थुओत या कॉफीपट्ट्यातील शहराच्या परिसरातील शेतकऱ्याला तो भाव कसा कळतो, कच्चा दाणा विकण्याऐवजी भाजून स्वतःच्या नावाने विकणे त्याला का जमते किंवा जमत नाही, हे दुभाष्याकरवी विचारा. दुभाष्या शक्यतो स्थानिक विद्यार्थी असावा. आयोजकांचा माणूस अवघड प्रश्न गुळगुळीत करून पुढे पाठवतो, असा माझा अनुभव आहे.