कॅमेरा बाहेर काढायच्या आधी

हे बघ, परदेशात येऊन आपल्याच लोकांवर डॉक्युमेंटरी करायचीय ना, मग सुरुवातीचे दोन-तीन महिने कॅमेरा बॅगेतच ठेव, नुसतं जा, बस, गप्पा मार. शांघायमध्ये जन्मलेल्या क्रिस्टीन चॉय यांनी रेने ताजिमासोबत डेट्रॉइटमधल्या १९८२ च्या व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या अमेरिकन तरुणाच्या खुनावर फिल्म केली, ती ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेली, पण मनात राहते ती न्यायासाठी झगडणारी त्याची आई. आणि रिलीज फॉर्म, म्हणजे शूटिंगला परवानगी देणारा कागद, ज्यांना शूट करशील त्यांच्या भाषेत वाचून दाखव, एका मावशींनी कागद घट्ट धरून मला विचारलेलं, ‘हे पोलिसांकडे जाणार का?’ तेव्हापासून ज्यांच्या व्हिसाचा प्रश्न आहे त्यांचा चेहरा, दारावरचा नंबर, गाडीची प्लेट काहीच फ्रेममध्ये घेत नाही मी. रफ कट, म्हणजे फिल्मचं पहिलं कच्चं एडिट, आधी त्यांनाच दाखव, फेस्टिव्हलचं नंतर बघू.