आजोबांची .३१५ रायफल कापून घेण्याआधी

"काउंटरवर विचारलं, स्वतःचीच आहे ना, काही लागत नाही म्हणाले." तुमच्या प्रश्नातलं हे एक वाक्य वाचलं आणि हातातला फोन खाली ठेवून आधी पाणी प्यायलो. हेच वाक्य, त्या 'स्वतःचीच आहे ना'सकट, मी २०१२ साली ऐकलंय. त्याची किंमत मी एकोणीस महिने मोजली.

तुमची रायफल आजोबांकडून वारसाने आली, परवाना तुमच्या नावावर झाला, आता बॅरल (नळी) चार इंच कमी करून नवा स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता) बसवायचाय. कारण दोन: फिरवायला सुटसुटीत हवी, आणि मुरबाडच्या शेतात रानडुकरं येतात. परवाना, वारस नोंद वगैरे तुम्ही पार केलंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी वकील नाही, ठाण्यात राहणारा आणि रविवारी वरळीच्या रेंजवर .२२ (छोट्या काडतुसाची रायफल) मारणारा साधा माणूस आहे. कायद्याचं शेवटी जाणकाराकडून तपासून घ्या.

पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ खाली गुन्हा आहे. बंदूक तुमची आहे, परवाना चोख आहे, याने काही फरक पडत नाही. नळी आखूड करायचा परवाना वेगळा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल, किंवा जेवायला जायची घाई असेल. सही तो करणार नाही, तुरुंगातही तो जाणार नाही.

आता माझं. वडील २०११ मध्ये गेले, रायफल माझ्याकडे आली. तुमच्यासारखीच, इशापूरच्या कारखान्यातली .३१५. (तरुण मंडळींसाठी: .३०३ हे लष्कराचं काडतूस, ते सामान्य माणसाच्या हाती नको म्हणून इंग्रजांच्या काळात हे वेगळं माप आलं. गोळी जड, चाल संथ.) आजोबा ती शहापूरकडच्या जंगलात वापरायचे, तेव्हा शिकारीचे परवाने मिळत. आमच्याकडे आली तेव्हा नळीचं तोंड गंजून खड्डे पडलेले. गोळी बाहेर पडताना तोंडाची कड सगळीकडून सारखी नसेल, तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. पन्नास मीटरवर माझे पाच बार जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरत. गनस्मिथ म्हणाला, पाऊण इंच छाटू, नवा क्राउन (तोंडाची सारखी कड) काढू, सुधारेल. बरोबरच होतं त्याचं. पण पुढे म्हणाला, "आधी कागद आणा. कागदाशिवाय मी नळीला करवत लावत नाही."

म्हणून गेलो एका कार्यालयात. कुठल्या ते लिहीत नाही, अजून तिथे माझं काम पडतं. पहिल्या दिवशी वरचं वाक्य ऐकलं. मी म्हटलं, लेखी द्या. तर म्हणाले, अर्ज करा. घरी येऊन बायकोच्या समोर बसून मी सुवाच्य मराठीत विषय लिहिला: 'रायफलची बॅरल कमी करण्याबाबत.'

घोडचूक झाली ती इथे. मला हवं होतं गंजलेलं तोंड दुरुस्त करून. मी लिहिलं 'बॅरल कमी करणे'. गंज किती, छाटायचं किती, गनस्मिथचा अहवाल, फोटो, यातलं काहीच जोडलं नाही. अर्ज ज्या टेबलावर गेला तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, "कमी कशाला? शर्टात लपवायला?" मी हसलो. ते हसले नाहीत. निर्णय होईपर्यंत शस्त्र जमा करा म्हणाले. जून २०१२ मध्ये जमा केली.

मग सुरू झाला खो-खो. हे आमच्याकडे नाही, वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर: हे तर खालीच होतं. फाइल चौकशीला गेली, परत आली, ज्यांच्याकडे आली त्यांची बदली झाली. दर पंधरा दिवसांनी अर्धा दिवस रजा. एकदा तर 'रायफलची बॅरल कमी करणे' याचा अर्थ मी परवान्यावरचं एक शस्त्र कमी करतोय असा घेऊन मला शस्त्र परत करण्याचा फॉर्म दिला. जानेवारी २०१४ मध्ये उत्तर आलं, दोन ओळींचं: सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. बस्स. एकोणीस महिन्यांनी!

रायफल परत मिळाली ती दोन पावसाळे काढून. आपल्याकडचा पावसाळा, खाडीची हवा, आणि बंद कपाट. आधी तोंडाशी असलेला गंज आता नळीभर, आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) दिसेनात. ज्या पाऊण इंचासाठी गेलो होतो त्याचा प्रश्नच उरला नाही.

यातून मी कट्टर झालोय, ते मान्य. त्यामुळे पुढचं मत समजून वाचा: नळीची लांबी रायफल घेताना ठरवावी, घरात आलेल्या रायफलीची ठरवू नये. आणि तुम्हाला चार इंचांतून मिळणार तरी काय? या वर्गातल्या काडतुसाला इंचामागे साधारण २० ते ३० फूट प्रतिसेकंद वेग जातो, म्हणजे चार इंचांत शंभरच्या आसपास. चाळीस-पन्नास मीटरवर तो वेग गेल्याचं कळणारही नाही, मग रडायचं कशाला, असं म्हणाल. वेगासाठी मी रडतच नाही. आवाज आणि नळीच्या तोंडाशी होणारा जाळ वाढेल, तोही तुमच्या कानाला आणखी चार इंच जवळ. आणि खरी मेख माशीत (नेम धरायच्या पुढच्या खुणेत) आहे. तुम्ही स्कोप (नेमाची दुर्बीण) लावलेला दिसत नाही. पुढची माशी नळीच्या टोकावर असते, नळी कापली की ती मागे आणून पुन्हा बसवायची. समजा दोन्ही साइट्समधलं (पुढची माशी आणि मागची खाच यांमधलं) अंतर ५५ सेंटीमीटरचं ४५ झालं. माशी एक मिलिमीटर चुकली तर पन्नास मीटरवर आधी ९ सेंटीमीटर चूक व्हायची, आता ११. पुढचं वजन गेलं की उभं राहून नेम धरताना नळी थरथरते ते वेगळंच. (.२२ चं गणित निराळं. तिथे सोळा ते एकोणीस इंचांत वेग जवळपास पुरा होतो, पुढची लांबी स्थिरतेसाठी. ते ऐकून लोक मोठ्या काडतुसालाही तोच नियम लावतात.)

तुम्ही लिहिलंय, 'खांद्याला लावली की पुढे जड वाटते, डोळा साइटवर येत नाही.' अहो, मग नळीचा काय दोष? स्टॉक तुमच्या हाताला लांब आहे. आजोबा सहा फुटी असतील. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं माप बघा. लाकूड कापून रबरी पॅड बसवल्यावर हे माप पाऊण ते एक इंच कमी भरलं, की तेवढी एकूण लांबीही घटते आणि पुढचं वजन खांद्याजवळ येतं. माझ्या आताच्या .२२ ला एवढंच केलंय. तेही परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच, पावती घेऊन.

रानडुकरांचं थोडक्यात. परवान्यावर पीक संरक्षण लिहिलंय म्हणजे डुक्कर मारायची मुभा आहे असं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती आहे. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय ट्रिगरला बोट लावू नका. इथेही तोंडी उत्तर चालणार नाही, तलाठ्याचं तर नाहीच.

आणखी एक, विषयाबाहेरचं. निवडणूक आली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा करण्याआधी नळीत तेलाचं फडकं फिरवा आणि पावतीवर 'नळी आतून स्वच्छ' असं लिहून घ्या. नाही म्हणाले तर अर्जात तुम्ही लिहा आणि पोच घ्या. घरात चामडी पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरतं.

तुम्ही गनस्मिथचं नाव मागितलंय. इथे देणार नाही. पण तुमच्यावाल्याने चार इंचांचा भाव सांगताना 'परवानगीचा कागद कुठाय' असं विचारलं का? विचारलं नसेल तर रायफल आजच्या आज रीतसर परत आणा, आणि स्टॉकचं माप मोजून इथे टाका. मग लाकूड किती छाटायचं ते बघू.