आधी पैसे भरायचे का?

प्रश्न: मी नाशिकची, वय १९. एक मॉडेलिंग एजन्सी म्हणते, ४० हजारांचा पोर्टफोलिओ (निवडक फोटोंचा संच) आमच्याकडूनच काढलास तर काम देऊ. काढू का?

उत्तर: मुळीच नको गं. खरी एजन्सी तुझ्या मानधनातून कमिशन घेते.

आधी घरीच डिजिटल्स, म्हणजे एजन्सीला दाखवायचे साधे फोटो, काढ. खिडकीच्या उजेडात, मोकळ्या भिंतीपुढे, अंगासरसा टी-शर्ट आणि जीन्स, केस मागे बांधलेले, मेकअप नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीत. फिल्टर अजिबात नको, त्यांना तुझी त्वचाच बघायची असते.

माझ्या पहिल्या पोर्टफोलिओत ६० फोटो होते, सगळ्यांत तेच हसू. कास्टिंगवाल्या, म्हणजे मॉडेल निवडणाऱ्या, ताईंनी चौथ्या पानावरच तो मिटला. आता मी मुलींना १०-१२च ठेवायला लावते. उंची मात्र खरी लिही, कपड्यांच्या फिटिंगला मापाची टेप लागतेच.